केंद्राची ग्रँट आली, तर दौंडला पोलीस का वाढत नाहीत?

दौंडला खाकीची वाण नाही. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथलेच, स्टेशनात लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल, शिवाय शहराला पुणे ग्रामीणचं पोलीस ठाणं. तरी कुठे गळ्यातली सोनसाखळी खेचली गेली की टपरीवर ठरलेला सवाल निघतो: "नगरपरिषदेला दिल्लीहून एवढी ग्रँट येते, मग गस्त का वाढत नाही?"

कारण नगरपरिषद एकही शिपाई भरती करू शकत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्याचा विषय आहे. पोलीस आधुनिकीकरणासाठी केंद्र पैसे देतं खरं, पण ते राज्याच्या गृह खात्याकडे जातात, आणि त्यात महाराष्ट्राला स्वतःचे ४० टक्के घालावे लागतात. तेव्हा केंद्राचा निधी म्हणजे निव्वळ फुकटचा पैसा, हेही खरं नाही. राखीव बलाचे जवान इथे राहतात, पण त्यांचा बंदोबस्त राज्यात कुठेही लागतो. आपल्या गल्लीची गस्त हे त्यांचं काम नव्हे.

स्टेशनावर तर हमखास घोळ होतो. फलाटावर मोबाइल गेला की माणूस समोर दिसेल त्या गणवेशाकडे धावतो. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. चोरीचा गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. ते राज्याचे असले तरी त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात.

मग नगरपरिषदेच्या हाती काय? पथदिवे आणि अग्निशमन. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४९ नुसार ही तिची बंधनकारक कर्तव्यं आहेत, आणि माझ्या मते अंधाऱ्या बोळातला चालू दिवा हीच तिची खरी पोलिसगिरी.

तिला केंद्राचा नियमित पैसा मिळतो तो वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातल्या नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली. मोठा आकडा पाहून वाटतं, हवं तिथे खर्चा. पण दौंडसारख्या शहरांसाठी त्यातला ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित; त्यातून दिवे, रस्ते चालत, पगार मात्र नाही. वर अट अशी की निवडून आलेलं सभागृह हवं. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत काही वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, त्यामुळे निधी अडकला. त्याचं खापर नुसतं दिल्लीच्या कंजूषपणावर फोडून चालणार नाही.

अग्निशमनासाठी २०२३ मध्ये केंद्राने ५,००० कोटींची वेगळी योजना काढली. त्यातले ५०० कोटी सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी राखून ठेवले. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी २५ टक्के वाटा उचलायचा. पैसा राज्यामार्फतच येणार. कुरकुंभला रसायनांचे कारखाने असल्याने दौंडकरांना हा विषय लांबचा नाही. पण बंब दारात उभा राहिला म्हणजे काम भागलं, हा समज सर्वांत महागात पडणारा. बंबावर चालक लागतो, जवान लागतात, तेही तिन्ही पाळ्यांत. हा खर्च वर्षानुवर्षं नगरपरिषदेच्या गळ्यात, आणि तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरपट्टी. घरपट्टी थकवून बंब उशिरा आला म्हणून ओरडणारे आपल्यात थोडे नाहीत!

महिला सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीचंही असंच. २०१८ साली त्यातून 'सुरक्षित शहर' प्रकल्प मंजूर झाले ते आठ महानगरांसाठी. महाराष्ट्रातून फक्त मुंबई. म्हणजे दौंडला काहीच नाही का? आहे. ११२ क्रमांकाच्या यंत्रणेला याच निधीचा आधार मिळाला. फोन दौंडहून लावला तरी तीच यंत्रणा उचलते, फक्त येणारी गाडी राज्याच्या पोलिसांची.

चौकातला कॅमेरा बंद दिसला, तर आधी दोन गोष्टी विचारा: तो कोणत्या निधीतून बसला, आणि देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे. तिसरी, तो करार कधी संपला.