विश्लेषण : मोजपट्टीलाही गवसणी का हवी? ती घरी कशी शिवायची?

मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटकडून ताम्हिणी घाटाकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. ओल्या हवेत सुया गंजतात, कापडाला बुरशी धरते. शिवणकाम करणाऱ्या घरात त्यांची काळजी घेतली जाते. कोपऱ्यात टेकवून ठेवलेली लाकडी मोजपट्टी मात्र तशीच राहते. तिच्यासाठी भरतकाम केलेली कापडी खोळ हा सोपा उपाय आहे. तंबोऱ्याच्या अशा खोळीला मराठीत ‘गवसणी’ म्हणतात.

ओलाव्याने पट्टीची लांबी बदलते का?
फारशी नाही. लाकूड ओलाव्याने फुगते ते मुख्यतः रुंदीत. धाग्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, बदल अगदी किरकोळ असतो. खरा धोका वाकण्याचा. एक मीटरची पट्टी मध्ये १ सेंटिमीटर वाकली, तरी तिच्या दोन टोकांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी घटते. पण तिच्या कडेने आखलेली रेषा मधोमध १ सेंटिमीटरने फुगते. कापड दुहेरी घडीवर कापले, तर ही चूक दोन्ही थरांत उतरते.

झिजलेल्या टोकाने किती फरक पडतो?
पट्टी जमिनीवर आपटून शून्याकडील टोक २ मिलिमीटर झिजले, तर ‘१ मीटर’ प्रत्यक्षात ९९.८ सेंटिमीटर भरतो. तीच पट्टी दहा वेळा लावून १० मीटर कापड मोजले, की २ सेंटिमीटर कमी येते. ब्लाउजच्या बाहीला किंवा गणवेशाच्या दुमडीला तेवढेच कापड लागते.

दुकानदारासाठी प्रश्न कायद्याचाही आहे. वैधमापन कायदा, २००९ नुसार विक्रीच्या व्यवहारात वापरायची मापे पडताळून त्यांवर मुद्रा करून घ्यावी लागते. लांबीच्या मापांसाठी फेरपडताळणीची मुदत २४ महिने आहे. दशमान पद्धत देशात १९५६ च्या कायद्याने आली, तरी साडी आजही ‘नऊवारी’च आहे. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर.

कापड किती लागेल?
१ मीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी धरू. तिचा घेर ७.२ सेंटिमीटर. त्यात सैलपणासाठी २ आणि शिवणीसाठी २ मिळवले, की ११.२, म्हणून रुंदी साडेअकरा सेंटिमीटर घ्यावी. लांबी १०८ सेंटिमीटर : खाली १ शिवणीसाठी, वर ३ नाडीच्या दुमडीसाठी. अस्तरही याच मापाचे. जुन्या सुती साडीचे कापड चालते. कोरे सुती कापड मात्र आधी धुऊन वाळवावे. ते नंतर ५ टक्के आटले, तर १०८ सेंटिमीटरमागे ५ सेंटिमीटरहून अधिक जातील आणि पट्टी आत मावणार नाही.

भरतकाम केव्हा करायचे?
कापड कापण्याआधी. अरुंद पट्टा रिंगमध्ये नीट ताणला जात नाही आणि नळी शिवल्यावर आत हात जात नाही. मोठ्या तुकड्यावर खडूने माप आखावे, उभी मधली घडी खुणावावी आणि एकाच अर्ध्या भागात ३ सेंटिमीटरच्या पट्ट्यात नक्षी काढावी. वेलीला देठ टाका, पानांना साखळी टाका, कळ्यांना गाठीचा टाका पुरतो. लाल-निळ्या दोऱ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावे. दर १० सेंटिमीटरवर खुणेची फुले काढता येतात. मात्र कापड ताणले जात असल्याने त्यांवरून माप घेऊ नये.

शिवायची कशी?
१. मुख्य कापडाची सुलट बाजू आत ठेवून उभी घडी घालावी. लांब कड आणि तळ शिवावा. वरचे ३ सेंटिमीटर मोकळे सोडावेत. अस्तराची नळी वेगळी, तशीच शिवावी.
२. मुख्य नळी उलटवून सुलट करावी. तळ ढकलायला मोजपट्टीच वापरावी.
३. मुख्य खोळीच्या तळाशी जुन्या कापडाची चौपदरी घडी बसवावी. झीज होते ती इथेच.
४. अस्तर न उलटवता पट्टीवर चढवून मुख्य खोळीत सरकवावे. त्यामुळे भरतकामाचे मागचे दोरे दोन थरांमध्ये झाकले जातात, पट्टीला अडकत नाहीत.
५. पट्टी काढून वरची कड दोन्ही थरांसह आत दुमडून शिवावी. मोकळ्या तोंडातून नाडी ओवावी.

काळजी काय घ्यावी?
पट्टी कोरडी करूनच आत घालावी. ओलसर खोळीत स्टीलची पट्टी उलट लवकर गंजते. पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा खोळ उलटी करून वाळवावी. पट्टी भिंतीला तिरकी टेकवू नये, नाडीने खिळ्याला सरळ टांगावी. आणि महिन्यातून एकदा चांगल्या स्टीलच्या पट्टीशी तिचे शून्य जुळवून पाहावे. खोळ झीज रोखते. झिजलेले टोक मात्र भरून देत नाही.