लोगो पिशवीवर का 'फाटतो'? बचत गटाचा आयकॉन घरीच असा काढा

सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे बचत गटांचे स्टॉल लागतात. आमच्या घरच्या गटाने एकदा तिथे तांदूळ नेला होता. एका ताईंनी पिशवी हातात घेतली, वरचं चित्र निरखलं आणि विचारलं, "हा कोंबडा आहे का?" ती भाताची लोंबी होती! पिशव्या मात्र हजार छापून झाल्या होत्या.

चूक आमचीच. व्हॉट्सअॅपवर आलेलं छोटं चित्र आम्ही तसंच छापायला दिलं. मोठं केलं आणि ते फाटलं.

असं का होतं?

दोन रांगोळ्या डोळ्यासमोर आणा. एक रांगोळी काढून तिचा फोटो घेतला. तो ताणून मोठा केला की कडा विस्कटतात, कारण फोटो म्हणजे रंगीत बारीक चौकोनांची जाळी. दुसऱ्या रांगोळीचा फोटो नाही, फक्त कृती लिहून ठेवली: इतके ठिपके, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ. ती उंबऱ्यापुढे काढा नाहीतर अख्ख्या अंगणात, रेघ स्वच्छच येते. या दुसऱ्या प्रकाराला व्हेक्टर चित्र म्हणतात. त्याची फाईल एसव्हीजी नावाने साठवतात.

साधं असेल तेच लक्षात राहतं

बेलापुरातच रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. आपल्या रुपयाचं ₹ हे चिन्ह आठवा. ते डी. उदय कुमार यांनी तयार केलं. तेव्हा ते पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. स्पर्धेत तीन हजारांहून जास्त चिन्हं आली होती, आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्राने हे स्वीकारलं. त्यात आहे काय? देवनागरी 'र', उभी दांडी नसलेला इंग्रजी 'आर' आणि वर दोन आडव्या रेघा. नाण्यावर असो की मोठ्या बोर्डावर, लगेच ओळखू येतं.

आमच्या जुन्या लोगोत सूर्य, झोपडी, बैलजोडी, लोंबी आणि गटाचं पूर्ण नाव, एवढं सगळं कोंबलं होतं. मोबाईलवर त्याचा नुसता डाग दिसायचा. म्हणून एकच वस्तू निवडा.

आता काढूया

इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोबाईल पुरत नाही, कॉम्प्युटर लागतो. घरात नसेल तर शाळेत किंवा कॉलेजच्या पोरांकडे विचारा.

१. 'फाईल'मधल्या 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये पानाची लांबी-रुंदी ५१२ पिक्सेल करा.

२. पेन टूलने खाली एक टिचकी, वर एक टिचकी, परत खालच्या ठिपक्यावर टिचकी. एकावर एक दोन रेघा झाल्या.

३. नोड टूल घेऊन एक रेघ डावीकडे ओढा, दुसरी उजवीकडे. भाताचा दाणा तयार! त्यात रंग भरा.

४. कंट्रोल आणि डी दाबलं की दुसरा दाणा मिळतो. त्यावर पुन्हा टिचकी मारली की फिरवायचे बाण येतात. दाणे दांडीच्या दोन्ही बाजूंना लावा. आम्ही आधी अकरा लावले, मग पाचच ठेवले. पाचच उठून दिसतात.

५. आता खरी परीक्षा. 'एक्स्पोर्ट'मधून ३२ पिक्सेलची पीएनजी काढा आणि हातभर लांबून बघा. लोंबी ओळखू आली तर पास. नाही आली तर अजून दाणे कमी करा.

छापायला देण्याआधी

नाव लिहिलं असेल तर अक्षरं निवडून 'पाथ'मधलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. नाहीतर छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरं बदलतात. आधीची फाईल वेगळी जपून ठेवा, कारण नंतर ती अक्षरं टाईप करून दुरुस्त करता येत नाहीत. व्हॉट्सअॅप प्रोफाईलला ५१२ची पीएनजी लावा. तिथे चित्र गोल कापलं जातं, म्हणून कडेला जागा सोडा. छापखान्यात एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. एका रंगातलंही एक चित्र ठेवा, शिक्क्याला उपयोगी पडतं.

दुसऱ्याचा लोगो गुगलवरून उचलू नका. अशोकस्तंभ तर अजिबात नको, त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५चा कायदा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हजार पिशव्यांची ऑर्डर देण्याआधी एक पिशवी छापून घ्या आणि शेजारच्या पोराला दाखवा. तो काय म्हणतो ते ऐका. कोंबडा म्हणाला, तर परत कॉम्प्युटरवर बसा. ते हजार पिशव्यांपेक्षा स्वस्त पडतं.