शून्य कुठे गेलं? : स्तंभालेख काढताना आणि वाचताना

आपण आज जोगेश्वरीत बसलो आहोत, म्हणजे जनगणनेच्या हिशेबात मुंबई उपनगर जिल्ह्यात. तेव्हा आलेखासाठी माहितीही घरचीच घेऊ.

२००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे ३३.४ लाख. २०११ मध्ये ती ३०.९ लाख झाली. उपनगर मात्र ८६.४ लाखांवरून ९३.६ लाखांवर गेलं. दोन जिल्हे, दोन वर्षं, म्हणजे शाळेतला जोडस्तंभालेख. उभ्या अक्षावर १ सेमी = १० लाख असं प्रमाण घेऊ. शहराचे स्तंभ ३.३ आणि ३.१ सेमी, उपनगराचे ८.६ आणि ९.४ सेमी. रुंदी सगळ्यांची सारखी. इथपर्यंत सोपं.

आता कुणी म्हणेल, शहरातली घट नीट दिसत नाही. शहराचा वेगळा आलेख काढू, अक्ष ३० लाखांपासून सुरू करू, १ सेमी = १ लाख घेऊ. काय होतं बघा. एक स्तंभ ३.४ सेमीचा, दुसरा ०.९ सेमीचा. पाहणाऱ्याला वाटतं, शहर पाव उरलं! प्रत्यक्षात घट साडेसात टक्क्यांच्या आसपास. आकडा एकही खोटा नाही, तरी चित्र फसवतं. कारण स्तंभालेखात किंमत सांगते ती लांबी, आणि लांबी शून्यापासूनच मोजायची असते.

तुम्ही विचाराल, दहावीच्या आयतालेखात नागमोडी खूण करून आपण अक्ष आखडतो, ते कसं चालतं? तिथे खूण आडव्या अक्षावर असते. आयत नुसते डावीकडे सरकतात, त्यांची उंची बदलत नाही.

वृत्तालेख काढला, तर उपनगराचा कोन २००१ मध्ये सुमारे २६० अंश, २०११ मध्ये २७१. पण वृत्तालेख वाटा सांगतो. एकूण मुंबई वाढली की घटली, हे त्याला विचारू नये.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक गोष्ट जोडतो. 'शहर घटलं, उपनगर वाढलं' हे आलेखात दिसतं. 'शहरातली माणसं इकडे आली' किंवा 'बाहेरचे वाढले' हे आलेखात नाही, ते आपण भरतो. इथेच जन्मलेलं मूलही त्याच स्तंभात उभं असतं, बरं का! लोकलमधल्या भांडणात हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा पुढचा आलेख समोर आला, की आधी शून्य शोधा, मग प्रमाण वाचा. स्तंभ शेवटी बघा.