ब्रेक आवळण्याआधी एक प्रश्न

सायकलचा ब्रेक लागत नाही म्हटलं की आपला हात आधी पाना शोधतो. नट सैल करायचा, वायर ओढायची, नट आवळायचा, झालं. पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी हे तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळेनंतर लिव्हर इतका कडक झाला की दाबताना बोटं दुखायची, आणि तरीही हॉस्टेलच्या उतारावर सायकल थांबली नाही. पाय घासत, शेवटी कडेच्या चिखलात घालून थांबवली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण चूक पान्याची नव्हती. मी चुकीच्या बिघाडावर बरोबर उपाय करत होतो.

म्हणून ब्रेकला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो हँडलला टेकतो, की मध्येच कडक होऊन थांबतो?

या दोन लक्षणांना आपण एकच नाव देतो, 'ब्रेक लागत नाही', पण ते दोन वेगळे बिघाड आहेत. टेकत असेल तर वायर सैल आहे किंवा रबर झिजलंय. तुमची ताकद रिमपर्यंत पोचण्याआधीच लिव्हरचा प्रवास संपतो. इथे आवळणं हाच उपाय. मध्येच कडक होत असेल, तर रबर रिमला टेकलेलं आहे, मग आणखी आवळून काय होणार? आवळल्याने फक्त रबर कुठे टेकणार ती जागा बदलते. लिव्हरने ताकद किती पटीने वाढते, ते त्याने बदलत नाही.

आधी सोपा बिघाड. लिव्हरपाशी (काही सायकलींत खाली ब्रेकपाशी) वायर जिथे आत शिरते, तिथे हाताने फिरवायचा आटे असलेला अ‍ॅडजस्टर असतो. तो बाहेरच्या बाजूला उघडला की ब्रेक घट्ट होतो. हे पहिल्यांदा उलटंच वाटतं. पण ब्रेकची वायर म्हणजे दोन वस्तू आहेत: आतली तार आणि बाहेरचं आवरण, ज्याला सायकलवाले आऊटर म्हणतात. ब्रेकला कळते ती या दोन लांबींमधली फक्त तफावत. अ‍ॅडजस्टर २ मिमी उघडला की आऊटरचा मार्ग २ मिमीने लांबतो, म्हणजे तार २ मिमी ओढल्यासारखंच. नटाला हात न लावता काम होतं. रबर आणि रिममध्ये दोन्ही बाजूंना १ ते २ मिमी फट राहिली की थांबा आणि अ‍ॅडजस्टरची चकती फिरवून तो पक्का करा. आटे संपत आले तर मात्र तो पूर्ण आत घ्या आणि ब्रेकवरचा नट सैल करून तार ओढा. रबर पूर्णपणे रिमवरच बसतंय ना हेही पाहा. टायरला लागत असेल तर टायर कापला जाईल. चाक फिरवल्यावर फट कमीजास्त होत असेल तर चाक आऊट आहे, तो दोष ब्रेकचा नाही. आधी चाकाचा आऊट काढून घ्या.

आता दुसरा बिघाड, लिव्हर कडक पण सायकल थांबत नाही. इथे ताकद वाटेत कुठेतरी हरवते आणि वाट दोन टप्प्यांची आहे: वायर, मग रबर आणि रिम.

वायरचा टप्पा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. नावेचा दोर खुंटाला दोन वेढे देऊन एक माणूस सहज धरून ठेवतो, ते घर्षणामुळे. तेच गणित आऊटरच्या वळणांत चालतं, फक्त इथे ते आपल्या विरोधात असतं. कॅप्स्टन समीकरण सांगतं की पोचणारा ताण, घर्षणगुणांक आणि वळणाचा एकूण कोन यांच्या गुणाकारानुसार घातांकी पद्धतीने कमी होतो. एकूण वळण १८० अंश धरा. घर्षणगुणांक ०.१ असेल तर सुमारे ७३ टक्के ताण पोचतो. आत गंज धरून तो ०.३ झाला तर ३९ टक्के. बोटं तितकीच दुखतात, रबराला मात्र जवळजवळ निम्मीच ताकद मिळते. याची एक खूण आहे: लिव्हर सोडल्यावर ब्रेक सुस्तपणे परत येतो, कारण स्प्रिंगलाही तेच घर्षण ओढायचं असतं.

रबर आणि रिमचा टप्पा साधा आहे. रबर चकचकीत झालं असेल तर पॉलिश पेपरने घासा. रिम कोरड्या फडक्याने, मग थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चेनला तेल देताना ते रिमवर उडू देऊ नका. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या स्टीलच्या रिम पावसात मुळातच कमी पकडतात. तिथे वेग कमी ठेवणं एवढंच हातात आहे.

उद्या सकाळी लेक्चर असेल तर सगळं एकदम करा, माझी हरकत नाही. पण कारण कळायला हवं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. लॅबमध्ये बफर, तापमान आणि नमुना एकदम बदलून चांगला निकाल आला की दोन महिन्यांनी जशी पंचाईत होते, तशीच इथेही होते.

आणि मोजा. आधी सायकल हाताने ढकलत ब्रेक दाबून पाहा, चाक अडतंय ना. मग हलक्या उताराच्या मोकळ्या रस्त्यावर खडूने रेघ मारा. प्रत्येक वेळी एकाच जागेवरून, पॅडल न मारता उतरा, म्हणजे रेघेपाशी वेग जवळपास सारखा येईल. तिथून मागचा ब्रेक लावून किती अंतरात थांबता ते टेपने मोजा, निदान पाच वेळा. पुढचा ब्रेक या चाचणीत जोरात दाबू नका, सायकल उलटते. पाच आकडे ३ ते ४ मीटरमध्ये पसरले असतील, तर दुरुस्तीआधी ३.६ आणि नंतर ३.४ आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

मी रबर घासलं, अंतर तसंच. रिम पुसली, तसंच. मग ब्रेकपाशी तार सोडवून हाताने मागेपुढे ओढली तर ती आऊटरमध्ये करकरत होती. बाहेर काढल्यावर बोटांना तांबडा गंज लागला, एका टोकाला दोन पेड तुटलेलेही निघाले. तार आणि आऊटर दोन्ही नवीन टाकले. त्यानंतर अ‍ॅडजस्टर मला उलटा फिरवावा लागला: नवीन तारही मी जुन्या सवयीने इतकी ओढून बसवली होती की रबर रिमला घासत होतं.