ट्रॅक्टरचे ऑइल तासांवर का बदलावे? मल्टिग्रेड तेलातील पॉलिमरचे काम

रब्बी ज्वारीची काढणी झाली, पऱ्हाट्या निघाल्या की परभणी जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. पारा ४४-४५ अंशांवर असताना काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर चालतो. तोच ट्रॅक्टर डिसेंबरच्या पहाटे, पारा दहाच्या आसपास असताना, उसाच्या ट्रॉलीला जुंपायचा असतो. दोन्ही वेळी चेंबरमध्ये तेल एकच असते. ते दोन्ही ऋतूंत चालते ते त्यात मिसळलेल्या पॉलिमरमुळे, आणि हे पॉलिमर वापराने तुटत जाते. त्यामुळे ऑइल कधी बदलायचे हे नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही.

काकवी थंडीत बरणीतून निघत नाही आणि उन्हात ठेवली की धार धरते. खनिज तेलाचेही तसेच आहे. तेलाचा घट्टपणा, म्हणजे विष्यंदिता, सेंटीस्टोकमध्ये मोजतात. २० अंश तापमानाच्या पाण्याची विष्यंदिता साधारण १ सेंटीस्टोक असते. एसएई ४० ग्रेडचे साधे, म्हणजे सिंगल ग्रेड तेल १०० अंशांवर साधारण १४ सेंटीस्टोक असते, ४० अंशांवर तेच १४० च्या पुढे जाते आणि १० अंशांवर हजाराच्या घरात पोचते. असे तेल पहाटे पंपाला लवकर ओढता येत नाही. सुरू झाल्यावरचे पहिले काही क्षण बेअरिंग कोरडे फिरते, आणि झिजेचा मोठा वाटा याच वेळचा असतो.

मल्टिग्रेड तेल बनवताना मूळ तेल थोडे पातळ घेतात आणि त्यात पॉलिमर मिसळतात. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळीचे रेणू. भेंडीच्या चिकट रसात असतात तशाच प्रकारचे, फक्त ते पाण्यात विरघळतात आणि हे तेलात. डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेले असते त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा: थंडीत हे तेल २० डब्ल्यू ग्रेडसारखे वाहते आणि १०० अंशांवर ४० ग्रेडइतका घट्टपणा राखते. १५डब्ल्यू-४० थंडीत त्याहून सैल राहते. १० अंशांवर त्याचा घट्टपणा सिंगल ग्रेड ४० च्या निम्म्याच्या जवळपास असतो.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. ‘मल्टिग्रेड गरम झाल्यावर घट्ट होते’ असे काही दुकानदार सांगतात. तसे होत नाही. तापल्यावर तेही पातळच होते, पण कमी वेगाने. पॉलिमेथाक्रिलेटसारख्या पॉलिमरचे रेणू थंड तेलात गुंडाळी करून बसतात आणि गरम तेलात पसरतात, त्यामुळे तेलाच्या वाहण्याला अडथळा वाढतो. इंजिन ऑइलमध्ये जास्त वापरले जाणारे ऑलेफिन कोपॉलिमर फारसे पसरत नाहीत. मात्र मूळ तेल तापून पातळ झाले तरी त्यांनी दिलेला घट्टपणा बराचसा टिकून राहतो. शेतात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो.

आता मुख्य मुद्दा. भेंडीचा रस मिक्सरमधून काढला तर त्याची तार राहत नाही, कारण लांब साखळ्या तुटतात. इंजिनात बेअरिंगच्या फटीत, पिस्टन रिंगांखाली आणि ऑइल पंपाच्या दात्यांत तेल असेच कापले जाते. तुटलेली साखळी पुन्हा जोडली जात नाही. ४० ग्रेडसाठी १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक ही मर्यादा आहे. १४ वर असलेले तेल पॉलिमर तुटून १२.५ च्या खाली आले, की डब्यावर ४० असले तरी चेंबरमध्ये ३० ग्रेड उरते. तेल कंपन्या याची चाचणी डिझेल इंजेक्टरमधूनच घेतात. प्रमाणित पद्धतीत तेल ३० वेळा इंजेक्टरमधून दाबून काढतात आणि घट्टपणा किती उतरला ते पाहतात.

हे डिपस्टिकवर बोट लावून कळत नाही. पॉलिमर तुटल्याने तेल पातळ होते, तर काजळी साचल्याने घट्ट होते. दोन्ही एकाच वेळी झाले तर बोटाला तेल ठीकच वाटते. काळे पडणे हा तर डिझेल इंजिनच्या तेलाचा नेहमीचा गुण आहे. मात्र डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तेलाला डिझेलचा वास आला, तर नोझल किंवा डिझेल पंपातून गळती आहे असे समजून लगेच मिस्त्रीला दाखवावे. तेल पातळ होण्याचे हे कारण पॉलिमरपेक्षा जास्त धोक्याचे आहे.

म्हणून तासमीटर पाहावे. मे महिन्यात रोज आठ तास नांगरट केली तर ३० दिवसांत २४० तास होतात. पुस्तिकेत २५० तासांवर बदल सांगितला असेल, तर एकाच हंगामात तेलाचे आयुष्य संपते. ‘वर्षातून एकदा, पोळ्याला’ हा हिशेब भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरला लागू पडत नाही. नांगरटीच्या आधी ताजे तेल घालावे आणि पेरणीपूर्वी तास पुन्हा मोजावेत. तासमीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. तोवर रोजचे तास वहीत लिहावेत.

धूर कमी करण्यासाठी इंजिनात ओतायच्या घट्ट द्रावणाच्या बाटल्या बाजारात मिळतात. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्यतः पॉलिमरच असते. काही दिवस धूर कमी दिसतो, पण झिजलेल्या रिंगा तशाच राहतात, थंडीत तेल अकारण घट्ट होते आणि जादा पॉलिमर रिंगांच्या खाचांत जळून बसते. माझा सल्ला: ते पैसे चांगल्या फिल्टरवर घालावेत.

ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरांत मागच्या चेंबरमधले एकच तेल गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेक सांभाळते. गिअरचे दाते पॉलिमर इंजिनापेक्षाही जोरात कापतात, म्हणून येथे कापले न जाणारे खास पॉलिमर लागते. त्यात इंजिन ऑइल भरू नये. सकाळी लिफ्ट नांगर झटकन उचलते आणि दुपारी तापल्यावर रखडते, असे होत असेल तर तेल पातळ झाले आहे किंवा पंप झिजला आहे. फिल्टर तुंबला असेल तर त्रास सकाळी, तेल थंड असताना, जास्त जाणवतो.

विहिरीवरच्या संथ गतीच्या जुन्या डिझेल इंजिनाला मात्र मल्टिग्रेडची गरज नसते. पुस्तिकेत ३० किंवा ४० सिंगल ग्रेड लिहिले असेल तर तेच घालावे. ते स्वस्तही पडते.