खूण चार्जिंगची, फोन मात्र बंद

गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका दिवस भरलेल्या पोरीला रात्री जीपमधून तालुक्याला नेत होतो. माझा मोबाइल सारा वेळ गाडीच्या चार्जरला, चार्जिंगची खूणही दिसत होती. आणि घाट उतरून रेंज आली तेव्हा फोन बंद! नशीब, ड्रायव्हरदादांचा साधा फोन चालू होता.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या भाच्याने त्या चार्जरला बोटाएवढा यूएसबी मीटर लावला. वर छापलेलं २.१ अँपिअर, मिळत होता जेमतेम अर्धा. तेवढा तर नकाशा नि उजळ पडदाच खातात.

मग घरीच करायला बसलो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. फोनला हवेत ५. आधी ७८०५ हा स्वस्त आयसी लावला. जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, बोटाला चांगलाच चटका बसला! बक कन्व्हर्टर त्यामानाने गार. गाडीच्या बाजूला फ्यूज हवाच. तरी चार्जिंग हळूच. यूएसबीच्या मधल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, तेव्हा फोनला कळलं की समोर कॉम्प्युटर नाही, चार्जर आहे. (ओळख पटल्याशिवाय पोटभर जेवत नाही मेला!)

हल्ली चार्जर घेताना दुकानदाराला मीटर लावूनच दाखवायला सांगते. तो वैतागतो. वैतागू दे.