दाण्यापासून बिअर

इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र अशी मुभा नाही बरं का! तिथे असताना मी तयार पाकाऐवजी दाण्यापासून सुरुवात केली.

मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि तासभर ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायचे. दाण्यातली विकरं पिठूळपणाची साखर करतात. पारा ७५ च्या वर टिकला तर ती निकामी होतात. मग उरते पेज. दाणे गार, म्हणून पाणी आधी पाचसहा अंश जास्त तापवलं. पुढचं विजेचं भांडं सांभाळतं. पण त्याचा तापमापक तळाशी, मधला लगदा थंडच! म्हणून मी डावानं ढवळत राहिलो. नंतर गाळून, हॉप्स घालून तासभर उकळलं. यीस्ट मात्र २० अंशांपर्यंत निवल्यावरच.